सातवा रकाना

वरच्या मजल्यावरचे घड्याळजी गेले, ही बातमी तिला सकाळी पावणेआठ ते आठ या पंधरा मिनिटांत तीन ठिकाणांहून मिळाली. आधी दूधवालीने पिशवी हातात देताना आवाज खाली आणून सांगितलं, "वरचे आजोबा गेले म्हणे. चांगला माणूस. दाराशी कधी ताटकळत ठेवलं नाही." मग समोरच्या दारातली नर्स ड्यूटीला निघता निघता, एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशी, म्हणाली, "कळलं ना? झोपेतच. सुटले बिचारे." आणि नर्स गेल्यावर ती स्वतःचं दार लावतेय तोच पलीकडच्या विंगमधून नणंदेचा फोन : "वहिनी, घड्याळजींचं कळलं का गं? कधी नेणार आहेत, काही बोललं का कुणी?" तिघींनी सांगितल्यावर शंकेला जागा नव्हती. तिने घातलेली भडक ओढणी बदलून फिकी घेतली, चेहरा जुळवला आणि जिना चढून वर गेली. बेल वाजवली. दार घड्याळजींनीच उघडलं. हातात ब्रश, तोंडभर फेस.

"काय हो, सकाळी सकाळी?"

"नाही... सहजच. बरे आहात ना?"

"मी उत्तम आहे. मघाशी वॉचमनही येऊन बरे आहात ना विचारून गेला, मान खाली घालून. काय, गेलो की काय मी?"

"तसं तिघी जणी म्हणत होत्या."

"तिघी?" त्यांनी ब्रश बाजूला धरला. "मग मलाच नीट बघायला हवं." आणि ते असे हसले की फेसाचा एक ठिपका तिच्या फिक्या ओढणीवर येऊन बसला. दोन दिवस लेकीकडे गेले होते, एवढंच. रेडिओ बंद, दार बंद.

जिना उतरताना तिने सवयीने उलटा माग काढला. दूधवालीला नर्सने सांगितलं होतं, हे दूधवालीच बोलून गेली होती. नर्सला कुणी? खालच्या जिन्यात नर्स दिसली, तिला कठड्यावरून वाकून विचारलं, तर नर्स म्हणाली, "तुमच्या नणंदेनेच की. तिला आधीपासून माहीत होतं." मग तिने नणंदेला फोन लावला. नणंद वैतागली. "अगं वहिनी, मला काय विचारतेस? काल संध्याकाळी तूच नाही का म्हणालीस, दोन दिवस त्यांचा रेडिओ ऐकू येत नाही, काही बरंवाईट तर झालं नसेल ना म्हणून? मी म्हटलं, ही त्यांच्या खालीच राहते, हिला माहीत असणार." फोन कानालाच राहिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या त्या वळणावर, जिथे भिंतीचा रंग पोपडे धरून आला होता, ती कठड्याला धरून उभी राहिली आणि तिच्या नाकात, कुठलंही कारण नसताना, चुन्याचा वास भरला. कोरड्या, पोत्यातल्या चुन्याचा. घशात खरखर उठवणारा. अकरा वर्षांपूर्वीचा.

नेमका आजच हा वास यावा याचं तिला हसू आलं. दहा वाजता शेवटची बैठक होती. आज मसुद्यावर सह्या झाल्या तर उद्या तो संसदेत जाणार होता, आणि मग देशाच्या तीन गुप्तवार्ता खात्यांच्या डोक्यावर, किंवा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे उरावर, एक समन्वय संस्था बसणार होती. संस्थेबद्दल आता वाद उरला नव्हता. या संस्थेने स्वतःचे हेर ठेवायचे नाहीत, कुणाला अटक करायची नाही, कुणाच्या घरात शिरायचं नाही. तिन्ही खात्यांकडून येणारे कागद एका टेबलावर मांडायचे, ताडून पाहायचे आणि आठवड्याला एक निवेदन काढायचं. प्रमुख एक न्यायमूर्ती, निवृत्त. वर्षातून दोनदा संसदेच्या समितीपुढे हजेरी. माणसं तिन्ही खात्यांतून तीन-तीन वर्षांसाठी उसनी. चौदा महिने घासून यातलं कलम न् कलम गुळगुळीत झालं होतं. एका ठिकाणीच खडा राहिला होता : सातवं कलम. ते तिने लिहिलं होतं, आणि तिन्ही संचालकांनी वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिलींनी ते खोडलं होतं. मसुद्याच्या त्या पानावर लाल, निळी आणि काळी अशा तीन रेघा एकमेकींवर पडल्या होत्या. न्यायमूर्ती पेपरमिंटची गोळी गालात फिरवत म्हणाले होते, "बाई, चौदा महिन्यांत तिघांचं एकमत झालेलं हे पहिलंच कलम."

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ती कधीकाळी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, म्हणून खात्यात तिला सगळे मास्तरीण म्हणत. समोर नाही, पण तिला माहीत होतं. प्रयोगशाळेतली तिची एक सवय अजून सुटली नव्हती. सव्वीस मुलांची जर्नलं तपासताना ती बरोबर उत्तरं बघायचीच नाही. बरोबर उत्तर कुणाचंही सारखंच येतं. ती चूक शोधायची. लंबकाच्या प्रयोगात आठव्या रीडिंगला पाच जणांनी एकच चुकीचा आकडा, दशांशासकट, लिहिला असला की पाचांनी तो मोजलेला नसतो. एकाने मोजलेला असतो आणि चौघांनी उतरवलेला असतो. पाच जर्नलं, एक वाचन. हे तिला पंचविसाव्या वर्षी कळत होतं. आणि छत्तिसाव्या वर्षी, बाहेरच्या खात्यात, म्हणजे परदेशी गुप्तवार्तेच्या, मूल्यमापनाच्या टेबलावर बसून, तिला ते कळलं नाही. बस सिग्नलला थांबली. शेजारच्या ट्रकमध्ये पोती होती, कसली कोण जाणे, आणि तिने खिडकी सरकवून घट्ट बंद केली.

तेव्हा असं झालं होतं. कुठल्याशा पत्रात कालव्याकाठच्या एका वजनकाट्याचा उल्लेख आला होता, साधाच, पण तिला तो खटकला. तिने एक विचारणा-चिठ्ठी लिहिली : वजनकाट्यामागच्या गोदामात स्फोटकं ठेवल्याबद्दल आपणांस काही माहिती आहे काय? जावक क्रमांक चारशे बारा. चिठ्ठी घरच्या, म्हणजे देशातली गुप्तवार्ता बघणाऱ्या, खात्याला गेली. घरच्या खात्याने ती खालच्या ठाण्यांना विचारली. ठाण्यातल्या कुणी तरी उत्तर लिहिलं, तसं बोललं जातं. बोललं जात होतं हे खरंच होतं. ठाण्यात तेच बोलत होते. ठाण्यातला एक जण लष्कराच्या माणसाबरोबर जेवायला बसायचा. लष्कराने लिहिलं, विश्वसनीय सूत्रांकडून. तीन आठवड्यांनी तिच्या टेबलावर घरच्या खात्याचा एक कागद आला, लष्कराचा एक आला आणि तिच्या स्वतःच्या मनात एक शंका होतीच, जी एव्हाना शंका राहिलेली नव्हती. तिने पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं : तीन स्वतंत्र मार्गांनी दुजोरा. ते वाक्य लिहिताना झालेलं समाधान तिला अजून आठवत होतं, बोटांच्या टोकांत. अवघड समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळाव्यात तसं. दुसऱ्या दिवशी ऐंशी माणसांनी गोदामाला वेढा घातला. आत चुना होता. तीनशे दहा पोती चुना. पोती फोडून पाहिली, आणि मूल्यमापनाचं माणूस म्हणून तिलाही तिथे नेण्यात आलं तेव्हा हवेत पांढरं धुकं होतं, आणि त्या धुक्यात काटेवाला, पांढऱ्या भुवयांचा, पांढऱ्या ओठांचा, हात वर करून उभा होता.

त्याला एक्केचाळीस दिवस आत ठेवलं. सोडताना कागदावर सही करायला ती समोर होती. त्याने आरडाओरडा केला नाही, शिवी दिली नाही. सही केली, पेन नीट टोपण लावून परत दिलं आणि म्हणाला, "बाई, माझ्याबद्दल तिघांनी सांगितलं म्हणे. ते तिघं कोण, तेवढं सांगाल का?" ती म्हणाली, ते सांगता येत नाही. "नाही, म्हणजे," तो म्हणाला, "माझी फार ओळखच नाही हो कुणाशी. तिघं जमवायचे म्हटले तरी मला विचार करावा लागेल." आणि तो गेला. चौकशी समिती बसली. समितीने लिहिलं की समन्वयाचा अभाव होता. कुणाच्या हातून काय झालं, हे त्या अहवालात नव्हतं. वाक्यांना कर्तेच नव्हते. त्या दोन शब्दांतून, समन्वयाचा अभाव, पुढे दहा वर्षांनी ही संस्था जन्माला यायची होती. आणि समिती उठल्यावर दोन महिन्यांनी जावक रजिस्टर चाळताना चारशे बारा क्रमांकाच्या नोंदीवर तिचं बोट थांबलं, आणि सगळी साखळी तिला एकदम, मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत, दिसली. तिघं नव्हते. दोघं नव्हते. ती होती. तिने रजिस्टर मिटलं. ते तिने कुणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. त्या प्रकरणावरची दहा वर्षांची गुप्ततेची मुदत मागच्या वर्षी संपली, त्या दिवशी तिने कॅलेंडरकडे पाहिलं आणि भांडी घासायला घेतली.

इमारत जुन्या टपालखात्याची होती, पत्रं वर्गवार लावायची. भिंतभर लाकडी खण तसेच ठेवले होते. कुठल्याशा खणावर अजून एका गावाचं अर्धं नाव राहिलं होतं. तिन्ही खात्यांनी स्वतंत्र मजला आणि स्वतंत्र कुलूप मागितलं होतं. बोलण्यात त्यांना बाहेरवाले, घरवाले आणि गणवेशवाले म्हणत. न्यायमूर्तींनी बसण्याची आखणी तिच्यावर सोपवली, तेव्हा तिने मोठ्या दालनाचा नकाशा घेतला, त्यावर षटकोनांची जाळी काढली आणि तीन रंगांत अशी रंगवली की एका रंगाच्या शेजारी तो रंग कुठेच येत नाही. मिठाच्या कणात अणू बसतात, काहीसं तसंच. म्हणजे घरवाल्याने मान वळवली की एका बाजूला गणवेश दिसणार आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचा. घरच्या खात्याच्या संचालकांनी तो नकाशा पाहून विचारलं होतं, "हे काय, लग्नाची पंगत आहे?" ती म्हणाली होती, "पंगतीत माणसं आपल्या माणसांशेजारी बसतात. म्हणून तर हे." त्यांना ते आवडलं नव्हतं, पण टेबलं तशीच लागली. आज ती त्या रिकाम्या टेबलांमधून चालत बैठकीच्या खोलीकडे गेली. प्रत्येक टेबलावर कोऱ्या फॉर्मचा एक गठ्ठा होता, नमुन्यादाखल. फॉर्मवर सहा रकाने : तारीख, ठिकाण, विषय, मजकूर, खातं, विश्वासार्हता. सातव्याला, सातव्या कलमातल्या उगमाच्या रकान्याला, जागा सोडलेली होती. छापखान्याला तिने सांगून ठेवलं होतं, त्याचं मागाहून कळवते.

"मॅडम, आपण हुशार आहात हे मान्य," जनरल म्हणाले. ते लष्कराच्या गुप्तवार्तेचे प्रमुख, खुर्चीत ताठ, पण बोलायला मोकळे. "पण आमचा माणूस कोण, हे आम्ही बायकोला सांगत नाही. तुमच्या रकान्यात लिहायचं?"

"नाव नाही लिहायचं, सर. फक्त क्रमांक."

"क्रमांक कोण देणार?"

"एक खोली. आत दोनच माणसं. त्यांच्यापाशी मजकूर नसेल. कोण काय म्हणालं हे त्यांना कळणार नाही. त्यांना एवढंच कळेल की तुमचा चाळीस नंबर आणि यांचा एकशे सात नंबर हे एकच तोंड आहे की दोन. आणि टेबलावरच्या माणसाला तोंड कुणाचं ते कळणार नाही, फक्त किती तोंडं आहेत ते कळेल."

"आणि ती दोन माणसं फुटली तर?" हे बाहेरचे संचालक. बारीक आवाज, नखं कापलेली, तिचे जुने साहेब.

"तर फार वाईट होईल. पण आज ती नाहीत, तरी वाईट होतंच आहे."

घरचे संचालक आतापर्यंत गप्प होते. जाड मान, जाड चष्मा. चौदा महिन्यांत त्यांनी तिला एकदाही नावाने किंवा हुद्द्याने हाक मारलेली नव्हती. त्यांनी मसुदा पुढे सरकवला. "हे कॉलेजातलं आहे. फळ्यावर छान दिसतं. मी अठ्ठावीस वर्षं या धंद्यात आहे. तीन खाती एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती खरी असते. एकाच तोंडाचं तीनदा ऐकून कुणी फसलंय, असं एक तरी प्रकरण दाखवा. एक. मग बोलू."

खोलीत पंख्याचा आवाज होता. न्यायमूर्तींच्या गालातली गोळी थांबली. तिला ओढणीवरचा फेसाचा वाळलेला ठिपका दिसला, खडूसारखा पांढरा. उत्तर द्यायची दुसरी रीत होती. तिने ती गेले तीन आठवडे घोटून तयार ठेवली होती, आकृत्यांसकट, कुणाचंही नाव न घेता, कर्ता नसलेल्या वाक्यांत. अशा घटना घडल्याचे आढळून आले आहे. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिला ते चुन्यासारखं लागलं. ही बाई अकरा वर्षं गप्प का होती, हे विचारतील. पुराव्याचा माग ठेवायच्या खोलीवर हिलाच बसवायची? म्हणतील. बरोबरच म्हणतील. आणि तरी, ती स्वतःशी म्हणाली, जी बाई स्वतःचा माग लपवते, तिने दुसऱ्यांना माग मागायचा?

"एक प्रकरण आहे," ती म्हणाली. "कालव्याकाठचं गोदाम. तिघांनी दुजोरा दिला होता. तिघांचा उगम एकच होता. मी. माझी विचारणा-चिठ्ठी, जावक क्रमांक चारशे बारा. मी प्रश्न विचारला होता, तो दोन खात्यांतून फिरून माझ्याकडे उत्तर म्हणून आला, आणि मी तो ओळखला नाही. तीन स्वतंत्र मार्ग, हे वाक्य माझं आहे. मला हे अकरा वर्षं माहीत आहे. मी बोलले नाही."

बाहेरचे संचालक स्वतःच्या नखांकडे बघत होते. घरच्या संचालकांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे अनपेक्षितपणे लहान आणि थकलेले होते. "त्या काटेवाल्याला मी आत ठेवला होता," ते म्हणाले. "तुमच्या कागदावर. एक्केचाळीस दिवस रोज सकाळी त्याला विचारायचो, सामान कुठे हलवलंस? आणि तो म्हणायचा, साहेब, चुना कुठे हलवणार?" त्यांनी चष्मा पुन्हा लावला. आवाज पुन्हा जाड झाला. "ठीक आहे. झालं. एकदा झालं. तुमची चूक. त्यासाठी देशाच्या कायद्यात कलम नको."

"एकदा नाही, सर. आत्ताही चालू आहे." हे बोलताना तिचा आवाज स्थिर होता, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं. अकरा वर्षं घशात अडकलेलं एकदा बाहेर पडल्यावर आत चांगलीच जागा झालेली होती. "या महिन्याची तुम्हा तिघांची निवेदनं माझ्यापुढे आहेत. तिन्हींत एक गोष्ट आहे : डोंगरातली नवी वाट. तिघांनीही तिला पूर्ण खात्रीची म्हटलंय. माझी एवढीच विनंती आहे. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर, स्वतःच्या हाताने, ही गोष्ट तुम्हाला कुठून कळली ते लिहा. घडी घाला. न्यायमूर्तींना द्या. तेच वाचतील. मी नाही. मग चिठ्ठ्या इथेच फाडा."

"आणि तीन वेगळी नावं निघाली तर?" जनरलनी विचारलं.

"तर मी सातवं कलम स्वतः खोडते. माझ्याकडे हिरवी पेन्सिल आहे."

जनरल हसले. हसून त्यांनी खिशातलं पेन काढलं, आणि त्यांनी काढल्यावर बाकीच्या दोघांना काढावंच लागलं. घरचे संचालक लिहिताना हाताची आडोशासारखी भिंत करत होते, परीक्षेत करतात तशी. तीन घड्या न्यायमूर्तींपुढे आल्या. त्यांनी पहिली उघडली, वाचली, बाजूला ठेवली. दुसरी वाचली. तिसरी वाचली. मग पुन्हा पहिली. ती मनात आकडे मोजत होती, एकवीसपर्यंत मोजले. न्यायमूर्तींचे खांदे हलू लागले. आधी तिला वाटलं त्यांना ठसका लागला. मग कळलं, ते हसतायत. तोंड मिटून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"गृहस्थहो," ते म्हणाले, "यात एकाही हेराचं नाव नाही. तेव्हा कुणाचा गळा कापला जाण्याची भीती नाही. वाचू?" तिघांनीही माना हलवल्या. "बाहेरचे लिहितात, लष्कराच्या निवेदनावरून. लष्कर लिहितं, घरच्या खात्याच्या निवेदनावरून. आणि घरचं खातं लिहितं..." ते थांबले, कारण त्यांना पुन्हा हसू आलं. "बाहेरच्यांच्या निवेदनावरून."

कुणी तरी पाय हलवला. जनरल हळूच म्हणाले, "म्हणजे वाट...?"

"वाट असेलही," ती म्हणाली. "पण ती अजून कुणी पाहिलेली नाही. आपण एकमेकांच्या वहीतून उतरवतोय."

"तुम्हाला आधीच कसं कळलं?" घरच्या संचालकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं होतं.

"तिघांनीही वाटेची लांबी सतरा पूर्णांक चार किलोमीटर लिहिली आहे. डोंगरात चोरवाट चालणारा माणूस पूर्णांक चार मोजत नाही. तो म्हणतो, सकाळी निघालं तर दुपारी पोचतो. एवढा नेमका आकडा तिघांनाही सारखाच सुचला, म्हणजे तो एका टेबलावर बसून काढलेला आहे."

"कॉलेजातलं आहे," घरचे संचालक म्हणाले. मग त्यांनी मसुदा स्वतःकडे ओढला, खिशातून खोडरबर काढलं, आणि कुणाकडेही न बघता आपली निळी रेघ खोडायला लागले. रबर कडक होतं. कागदाचा करकर आवाज येत होता. तो आवाज तिने कान देऊन ऐकला. मग त्यांनी रबर टेबलावरून जनरलकडे ढकललं, जनरलनी बाहेरच्यांकडे. तीन रेघा गेल्या. रबराचे कण, लाल निळे काळे, टेबलावर एका ढिगात पडले. सह्या बारा वाजून दहा मिनिटांनी झाल्या. सही करून उठताना घरचे संचालक तिच्या खुर्चीपाशी थांबले. "मास्तरीणबाई," ते म्हणाले, पहिल्यांदाच आणि तोंडावर, "त्या खोलीत दोन माणसं लागणार ना? एक तुम्ही. दुसरा माझा घ्या. कडक माणूस आहे. तुमच्याही चिठ्ठ्या तपासेल."

"तपासायलाच हव्यात," ती म्हणाली.

खोली आधीच ठरलेली होती. टपालखात्याची नोंदणी-पत्रांची खोली, एकच खिडकी, एकच दार. कपाटात एक कोरं रजिस्टर होतं. न्यायमूर्ती तिच्याबरोबर आले, गुडघे धरत दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "कायदा व्हायला अजून अवकाश आहे, बाई. पण वही आपली आहे. पहिली नोंद करून टाका, हात साफ होईल." तिने पेनचं टोपण काढलं. नोंद क्रमांक एक. विषय : कालव्याकाठचं गोदाम. तिने सातवा रकाना पट्टीने आखला, वर उगम असं लिहिलं आणि खाली लिहिलं, मी स्वतः. विचारणा, जावक चारशे बारा. अक्षर नेहमीसारखं आलं. तीन स्वतंत्र मार्ग लिहिताना आलेलं समाधान तिला आठवलं, बोटांच्या टोकांतलं. हे तसं नव्हतं. हे खांद्यांत होतं, पाठीत होतं, श्वास पार तळापर्यंत जात होता. कॉलेजात एखाद्या संध्याकाळी उपकरण शेवटी शून्यावर स्थिर झालं की सगळी खोली मोठी झाल्यासारखी वाटायची. आत्ता ती एवढीशी खोली तशी मोठी झाली. "मला चार वाजता जायचंय," ती न्यायमूर्तींना म्हणाली. "मुदत संपलेली आहे. मी तपासलंय." त्यांनी कुठे म्हणून विचारलं नाही. पेपरमिंटची एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवली.

वजनकाटा तिथेच होता. गोदामाला नवं दार बसलं होतं, पण काट्याची ती जमिनीतली लांबलचक लोखंडी फळी तीच, तिच्यावर ट्रक चढला की खालून तसाच दणका यायचा. काटेवाला खिडकीत बसून पावत्या फाडत होता. भुवया आता खरोखरच पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने तिला लगेच ओळखलं. तोंडावरून ते दिसलं. समोरचा ट्रक उतरेपर्यंत त्याने पावती फाडून दिली. मग म्हणाला, "बसा. खुर्ची एकच आहे, पण मी उभा राहतो."

"नको. तुम्ही मला एक विचारलं होतं. ते तिघं कोण, म्हणून. तेव्हा मी सांगितलं नाही."

तो थांबला. हातातलं पावतीपुस्तक त्याने मिटलं.

"तिघं नव्हते," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल तुमच्या ओळखीतलं कुणीही, काहीही बोललेलं नव्हतं. मीच एक शंका विचारली होती. ती फिरून फिरून माझ्याकडेच आली आणि मला वाटलं तिघांनी सांगितलं. चूक माझी होती. आज मी ते लिहून दिलंय. आणि आता असं पुन्हा होऊ नये म्हणून कायदा होतोय, त्यात तुमच्या प्रश्नाचा एक रकाना आहे."

तिची तयारी होती. तो ओरडेल, हाकलून देईल, तोंड फिरवेल. बसमध्ये तिने एकेकाची तयारी केली होती. त्याने यातलं काहीच केलं नाही. तो खिडकीच्या फळीवर दोन्ही तळहात टेकून, एखादं अवजड वजन काट्यावर हळूहळू स्थिरावताना बघावं, तसा बघत राहिला.

"कुणीच नाही?" त्याने विचारलं. "नक्की?"

"नक्की. मी मोजलंय."

"मेव्हणाही नाही?"

"नाही."

"आणि शेजारी? तेव्हाचा, कोपऱ्यावरचा? काट्यावरचा माझा जोडीदार?"

"कुणीच नाही."

तो खुर्चीत बसला. बसल्यावर त्याने खांदे उचलले आणि सोडले, आणि ते दोन बोटं खाली आले. "मी तिघं काढले होते बरं का," तो म्हणाला. "आत असताना. एक्केचाळीस दिवसांत दुसरं कामच काय. विचार करकरून तीन जण काढले. बाहेर आल्यावर तिघांशीही बोलणं टाकलं. जोडीदार काटा सोडून गेला. बहीण रडून दमली, पण मेव्हण्याचं तोंड नाही बघितलं मी. अकरा वर्षं." तो तिच्याकडे बघून एकदम हसला, मोठं, तोंडभर, पुढचा एक दात नसलेलं हसू. "मोकळे केलेत की हो तिघं! एकदम!"

मागे एक ट्रक येऊन काट्यावर चढला आणि दणका झाला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. काटेवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून त्याला पंजा दाखवला, थांब म्हणून, आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला. नंबर त्याला शोधावा लागला नाही. ती वळून निघाली, पण फळीच्या टोकाशी तिची पावलं आपोआप मंदावली. मागून त्याचा आवाज ट्रकच्या इंजिनावर चढून येत होता, ठणठणीत, सगळ्या कालव्याला ऐकू जाईल असा :

"अहो भावजी, मी बोलतोय! मी! ताईला सांगा, पानं मांडायला घे. आज येतोय."